पायापाशी उजेड

'दिव्याखाली अंधार' ही म्हण आपण माणसाच्या वागण्याला लावतो. थोरामोठ्यांच्या घरातील उणीव दाखवायची झाली की ती सहज ओठांवर येते. परंतु म्हणीचा जन्म वागण्यातून झाला नसून दिव्यातूनच झाला आहे, हे आपण विसरतो. समई तेवत असते, भोवतालचे चेहरे उजळलेले असतात आणि नेमकी समईच्या बुडाशी सावली साठलेली असते. दिवा जितका उंच, तितका चेहऱ्याला उजेड अधिक आणि पायाला कमी. शिवाय माणूस उभा राहिला की त्याची स्वतःची सावली त्याच्याच पायरीवर पडते. जुने वाडे बांधणाऱ्यांना हे चांगले ठाऊक होते. म्हणूनच दिंडीच्या आत आणि जिन्याच्या भिंतीत गुडघ्याच्या उंचीवर देवळ्या काढलेल्या आढळतात. त्यांत ठेवलेली पणती घर सजवण्यासाठी नसे. पुढची पायरी कोठे संपते हे दिसावे, एवढेच तिचे काम असे.

घरातील हे शहाणपण वाहनात येण्यास फार काळ लागला. मोटारीच्या आत, पाय ठेवण्याच्या जागी लावलेला लहानसा दिवा ही आज हौसेची वस्तू समजली जाते. बाजारात ती सजावटीच्या सामानातच मिळते. प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे, की हा दिवा हौसेचा नाही. तो मशालजीचा वारस आहे; आणि ज्या दिवशी मशालजीची जागा तारेने घेतली, त्या दिवशी त्याची जबाबदारी वाहनाच्या मालकाकडे आली. ती आपण उचलली की नाही, हा खरा प्रश्न आहे.

रात्रीच्या प्रवासात पालखी किंवा मेणा निघाला की पुढे दिवट्या चालत असे. हाती चिंध्यांचा पीळ गुंडाळलेली मशाल, दुसऱ्या हाती तेलाचा बुधला. ज्योत मंदावली की त्यावर तेलाची धार धरायची, असा त्याचा उद्योग. त्याच्या चालण्याची जागा विचारपूर्वक ठरलेली असे. तो पालखीच्या मागे किंवा आत बसलेल्या धन्याच्या तोंडाशी चालत नसे. भोयांच्या किंचित पुढे आणि बाजूला चाले. कारण उघड आहे. उजेडाची गरज धन्याच्या तोंडाला नव्हती, भोयांच्या पायांना होती. भोई अडखळला तर पालखी कोसळणार. वाहन कितीही थोराचे असो, ते सुखरूप पोहोचणे हे कोणाच्या तरी पायांवर अवलंबून असते, हे त्या व्यवस्थेला ठाऊक होते.

१८१८ च्या एप्रिलमध्ये बेळगावचा किल्ला जनरल मन्रोच्या स्वाधीन झाला आणि पुढे किल्ल्याच्या परिसरात छावणी वसली. तोच आपला कॅम्प. छावणीबरोबर कंत्राटदार, कारकून, शिंपी, दुकानदार, शिपाई अशी माणसे येथे आली. आपणांपैकी पुष्कळांच्या घराण्यांचा येथील मुक्काम तेथूनच किंवा त्याच्या मागेपुढे सुरू झाला. साहेबांच्या बंगल्यांतील नोकरांच्या यादीत 'मशालजी' हा शब्द राहिला होता; मात्र त्याचे काम बदलले होते. युल आणि बर्नेल यांच्या १८८६ च्या 'हॉब्सन-जॉब्सन' या प्रसिद्ध कोशात या शब्दाचा प्रवास नोंदलेला आहे. मूळचा मशाल धरणारा हळूहळू स्वयंपाकघरात भांडी घासणारा झाला. दिवे सुधारले, रस्ते बरे झाले, मशालीची गरज उरली नाही. पण माणूस नोकरीत राहिला आणि त्याच्या हातात राख व नारळाची शेंडी आली. एका शब्दाच्या अर्थबदलात एका पेशाची अखेर अशी नोंदली गेली आहे.

बग्गी आणि टांग्याच्या काळात दिवा वाहनालाच जडला. बग्गीच्या दोन्ही बाजूंना पितळी चौकटीचे, जाड काचेचे दिवे असत. त्यांतील मेणबत्तीची रचना चतुर होती. मेणबत्ती नळीत बसवलेली असे आणि खालून स्प्रिंग तिला वर ढकलत राही. त्यामुळे मेण कितीही जळले तरी ज्योत एकाच उंचीवर, आरशासमोर राही. तरीही हे दिवे मुख्यतः 'गाडी येत आहे' एवढेच सांगत. चढण्या-उतरण्याची पायरी दाराखाली, दिव्याच्या मागे, गाडीच्या सावलीत येई. त्यामुळे बग्गी दारात उभी राहिली की घरातून कोणीतरी कंदील घेऊन धावे आणि तो पायरीजवळ खाली धरून उभा राही. वाहनाला दिवा आला, पण पायाशी उजेड धरण्यास अजूनही माणूसच लागत होता.

मोटार आली तेव्हा तिनेही हीच उणीव बरोबर आणली. मुंबईच्या रस्त्यांवर मोटारी दिसू लागल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस. आरंभीच्या मोटारींचे पुढचे दिवे कार्बाइडचे असत. कॅल्शियम कार्बाइडच्या खड्यांवर थेंब थेंब पाणी पडले की ॲसिटिलीन वायू निघतो. तो नळीने दिव्यात आणून पेटवायचा. उजेड पांढराशुभ्र, पण वास उग्र आणि राख उपसण्याचे काम किळसवाणे. असा उघडा जळणारा दिवा मोटारीच्या आत, पेट्रोलच्या वासात, कोणी पायाशी लावणे शक्य नव्हते.

बदल झाला तो १९१२ साली, आणि तोही दिव्यासाठी नव्हे. अमेरिकेत चार्ल्स केटरिंग यांनी कॅडिलॅक मोटारीसाठी विजेचा स्टार्टर तयार केला. हँडल मारून इंजिन सुरू करण्याच्या धोकादायक कामातून चालकाची सुटका झाली. स्टार्टरसाठी बॅटरी लागली, बॅटरी भरण्यासाठी डायनामो लागला, आणि गाडीत वीज कायमची मुक्कामाला आली. मग तिच्यावर दिवे लावणे हे ओघानेच आले. छताला एक लहान दिवा लागला आणि दाराच्या चौकटीत एक बटण बसले. दार उघडले की बटण सुटते, दिवा लागतो; दार मिटले की तो विझतो. कंदील घेऊन धावणाऱ्या नोकराचे काम या बटणाने हाती घेतले. परंतु दिवा लावला तो छताला! उतरणाऱ्याचे डोके आणि खांदे मध्ये आले की पायाशी सावली पडणार, ती पडलीच. देवळी बांधणाऱ्या गवंड्याला जे कळत होते, ते मोटार बांधणाऱ्या इंजिनिअराने बाजूला ठेवले.

खाली सोडलेल्या उजेडाचे मोल यानंतर ज्यांना नेमके कळले, त्यांच्याशी आपल्या कॅम्पचे नाते आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश आणि राष्ट्रकुलातील सैन्यांच्या ट्रकांचे तांडे रात्री पुढचे दिवे झाकून चालत. विमानांना उजेड दिसता कामा नये. मग मागच्या चालकाने पुढच्या ट्रकचा माग कसा ठेवावा? त्यावर युक्ती अशी, की मागच्या आसावरील डिफरन्शियलचा गोळा पांढरा रंगवायचा आणि गाडीच्या पोटाखाली एक लहान दिवा त्याच्यावर सोडायचा. आकाशातून काही दिसत नाही. मागून येणाऱ्याला मात्र एक फिकट पांढरा ठिपका पुढे चाललेला दिसतो. मराठा पलटणीचे केंद्र १९२२ पासून बेळगावास आहे. तिच्या तुकड्या १९४१ मध्ये एरिट्रियातील केरेनला आणि पुढे इटलीत लढल्या. अशा मोहिमांतील रात्रीची वाहतूक या पोटाखालच्या दिव्यांच्या भरवशावर चाले. कोणाच्या डोळ्यांत न जाणारा आणि ज्याला हवा त्यालाच दिसणारा उजेड कसा असतो, याचा हा उत्तम धडा आहे. १९६५ आणि १९७१ च्या युद्धांच्या वेळी अनेक शहरांत मोटारींच्या पुढच्या दिव्यांचा वरचा अर्धा भाग काळा रंगवलेला असे. आपल्या पिढीने पाहिलेला हा प्रकारही त्याच तत्त्वाचा: उजेड रस्त्यावर पडावा, आकाशात नव्हे.

स्वातंत्र्यानंतर आपल्या अंगणात ज्या मोटारी आल्या, त्या थोड्याच प्रकारच्या होत्या. उत्तरपाड्याची अँबॅसडर, कुर्ल्याची फियाट म्हणजे पुढची पद्मिनी, आणि १९८३ च्या डिसेंबरपासून मारुती. नंबराच्या पाट्या मुंबई राज्याच्या होत्या, त्या म्हैसूरच्या झाल्या, १९७३ नंतर कर्नाटकाच्या, आणि पुढे केए २२ च्या; गाड्यांच्या छतावरचा पिवळा दिवा मात्र तोच राहिला. या गाड्यांची दुरुस्ती करणाऱ्या मिस्त्रींना आपल्या घरांत मान होता. परंतु आपणांपैकी बहुतेकांनी स्वतः हातात पक्कड धरली नाही. हात काळे करणे हे आपले काम नव्हे, अशी एक समजूत घरोघर होती. लिहिणे-वाचणे आपले, तारा जोडणे दुसऱ्याचे. या समजुतीची किंमत काय असते, ते मला उशिरा कळले.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. आषाढातील रात्र, बेळगावचा पाऊस, आणि माझी ऐंशीच्या घरातील आई गाडीतून उतरत होती. छतावरचा दिवा लागलेला होता. पण दाराच्या उंबऱ्याची कड तिला दिसली नाही. पाय अडकला आणि ती चिखलात पडली. हाड मोडले नाही, हे नशीब. दुसऱ्या आठवड्यात एका दुकानात मी पायापाशी दिवे लावून घेतले. काम तासाभरात झाले, दिवे निळे झगझगीत होते, आणि महिन्याभरात एका संध्याकाळी गाडीत जळक्या रबराचा वास येऊन डॅशबोर्डखालून धूर निघाला. बॅटरीचे टोक काढले म्हणून गाडी वाचली. उघडून पाहिले तेव्हा दिसले की तार थेट बॅटरीवरून आणलेली होती, मध्ये फ्यूज नव्हता, आणि इंजिन व बैठक यांमधील पत्र्याच्या भोकातून ती रबरी बुशाशिवाय ओढली होती. पत्र्याच्या धारेवर घासून तिचे आवरण गेले होते. चूक दुकानदाराची खरी; परंतु तार कोठून आणली, हे मी विचारलेच नव्हते. विचारण्याइतकेही मला कळत नव्हते.

त्यानंतर हे काम मी स्वतः केले. ते कसे केले हे येथे सांगतो, कारण त्यातही इतिहास दडलेला आहे.

मोटारीत प्रत्येक दिव्याला दोन तारा लागत नाहीत. गाडीचा लोखंडी सांगाडाच परतीची तार म्हणून वापरतात. यालाच मिस्त्री 'बॉडी अर्थ' म्हणतात. पूर्वी ब्रिटिश गाड्यांत बॅटरीचे धन टोक सांगाड्याला जोडलेले असे. आज सर्वत्र ऋण टोक जोडतात. जुन्या तारेच्या दिव्याला याचे काही वाटत नसे, प्रवाह कोणत्याही दिशेने गेला तरी तार तापून लाल होई. एलईडी मात्र एकाच दिशेचा प्रवाह स्वीकारतो. म्हणून जुनी ब्रिटिश गाडी जपणाऱ्याने आधी बॅटरीचे कोणते टोक सांगाड्यावर आहे ते पाहावे. त्या जुन्या गाड्यांची दुसरी खोड फ्यूजची. सर्व गाडीला मिळून दोनच फ्यूज, एक ३५ अँपिअरचा आणि एक ५० चा. बारीक तार कोठे घासून तिच्यातून २०-२५ अँपिअर वाहू लागले, तरी ३५ चा फ्यूज शांतच राहतो आणि तार लाल होते. यातून मिळणारा नियम साधा आहे: फ्यूज दिव्यासाठी नसतो, तारेसाठी असतो, आणि तो तार जेथून निघते तेथेच हवा.

साध्या गाडीत छतावरच्या दिव्याला धन प्रवाह सदैव मिळत असतो. दाराचे बटण फक्त परतीचा मार्ग उघडते आणि बंद करते. तेव्हा पायाच्या दिव्याचे धन टोक छतदिव्याच्या, फ्यूजमधून आलेल्या, धन तारेला जोडावे आणि मध्ये एक अँपिअरचा स्वतंत्र फ्यूज घालावा. ऋण टोक सांगाड्याला न जोडता दाराच्या बटणाकडून येणाऱ्या तारेला जोडावे. असे केले की दार उघडताच दोन्ही दिवे एकदम लागतात आणि मिटताच विझतात. काम सुरू करण्यापूर्वी बॅटरीचे ऋण टोक काढून ठेवावे. तार तपासण्यापुरतेच ते पुन्हा जोडावे. कोणती तार कोणती, हे अंदाजाने न ठरवता टेस्ट लॅम्पने पाहावे. पिवळ्या आवरणातील तारा एअरबॅगच्या असतात, त्यांना हात लावू नये. ज्या नव्या गाड्यांत छतदिवा हळूहळू विझतो, तेथे मध्ये इलेक्ट्रॉनिक नियंत्रक असतो. त्या गाडीचा तारांचा नकाशा पाहिल्याशिवाय तेथे तार कापू नये.

दिव्याची जागा डॅशबोर्डखाली, वरच्या कडेला, तोंड खाली करून. मागच्या प्रवाशांसाठी पुढच्या बैठकीखाली. तेथे बैठक मागेपुढे सरकते म्हणून तार थोडी सैल ठेवावी. एलईडीच्या पट्टीचा चिकट पाठीचा भाग आपल्याकडच्या उन्हाळ्यात सुटतो, म्हणून वर क्लिप हवीच. सुटलेली पट्टी ब्रेकच्या पायपट्टीत अडकली तर दिवा लावून अपघात विकत घेतल्यासारखे होईल. काम संपल्यावर तिन्ही पायपट्ट्या पूर्ण दाबून, स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून आणि बैठक दोन्ही टोकांना नेऊन पाहावी. तार कोठेही हलता कामा नये.

आता खर्चाचा हिशोब, म्हणजे विजेच्या खर्चाचा. जुना पाच वॉटचा तारेचा दिवा बारा व्होल्टवर सुमारे ०.४ अँपिअर घेतो. दार नीट न लागल्यामुळे तो जळत राहिला तर ३५ अँपिअर-तासांची चांगली बॅटरी साधारण साडेतीन दिवसांत पूर्ण रिकामी होते. गाडी सुरू होईनाशी त्याआधीच होते. एलईडीच्या साध्या पट्टीत तीन दिव्यांचा एक तुकडा सुमारे २० मिलिअँपिअर घेतो. चार पायजागांना दोन-दोन तुकडे लावले तरी एकूण ०.१६ अँपिअर, म्हणजे दोन वॉटहूनही कमी. चार जागा उजळूनही खर्च एका जुन्या दिव्याच्या निम्म्याहून कमी! लाल एलईडी निक होलोन्याक यांनी १९६२ मध्ये दाखवला. तेजस्वी निळा साधण्यास नव्वदीचे दशक उजाडावे लागले, आणि त्यासाठी आकासाकी, अमानो व नाकामुरा या तिघांना २०१४ चे नोबेल मिळाले. पांढरा एलईडी मुख्यतः त्या निळ्यातूनच निघाला.

तरीही पायाशी निळा दिवा मी पुन्हा लावला नाही. अंधाराला सरावण्यास डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात, आणि तो सराव निळ्या-पांढऱ्या उजेडाने क्षणात मोडतो. तांबूस, मंद उजेडाने कमी मोडतो. वय वाढते तशी डोळ्यांची ही ताकद कमी होत जाते. म्हणून पायापाशी पिवळसर, मंद आणि दारासोबत विझणारा दिवा असावा; गाडी चालताना तो लागलेला नसावा. शिवाय १९८९ च्या मोटार वाहन नियमांनुसार गाडीच्या पुढच्या बाजूस लाल प्रकाश दिसू देता येत नाही. रस्त्यावरून निळ्या-जांभळ्या उजेडात न्हालेल्या गाड्या जाताना दिसतात, त्यांचा दिवा पायासाठी नसतो, पाहणाऱ्यासाठी असतो. दिवट्या धन्याच्या तोंडाशी मशाल धरून चालू लागावा आणि भोई अंधारात चाचपडावेत, तसे ते आहे.

माझी आई आता गाडीत बसताना आधी खाली पाहते. उंबऱ्याची कड तिला दिसते. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "अरे, हे तर आपल्या जुन्या जिन्यातल्या देवळीसारखं झालं." मी जे चार पानांत मांडले, ते तिने एका वाक्यात सांगून टाकले.

मंडळाच्या सभासदांना एक विनंती करून थांबतो. कॅम्पातील जुन्या घरांच्या माळ्यावर बग्गीचे पितळी दिवे, कार्बाइडच्या कुप्या, जुन्या मोटारींचे छतदिवे अजून पडलेले असतील. भंगारात घालण्यापूर्वी ते एकदा उघडून पाहावेत. मेणबत्तीच्या नळीतील स्प्रिंग, दारातील बटण, तार कोठून येते आणि कोठे परत जाते, हे मुलानातवंडांना हातात देऊन दाखवावे. दिवा कोणी लावला हे घराण्याच्या आठवणींत राहते. तो कसा लागतो हेही राहिले पाहिजे.